शब्दचर्चा : १२-हायड्रॉक्सिस्टिअरिक आम्ल आणि हायड्रोजनेटेड एरंडेल

प्रश्न : ग्रीसच्या कच्च्या मालात ‘१२-एचएसए’ (१२-हायड्रॉक्सिस्टिअरिक आम्ल) आणि ‘हायड्रोजनेटेड एरंडेल तेल’ अशी दोन नावं दिसतात. दोन्ही एकच का? मराठीत काय लिहावं?

उत्तर : एकच नाहीत. एरंडेलातल्या मेदाम्लांपैकी ८५ ते ९० टक्के रिसिनोलेइक आम्ल असतं, तेही ग्लिसरिनला जोडलेलं. त्याच्या दोन कार्बनमधला दुहेरी बंध हायड्रोजनने भरला की मेणासारखं कडक हायड्रोजनेटेड एरंडेल मिळतं. त्यातून ग्लिसरिन सोडवून काढलं की उरतं ते १२-हायड्रॉक्सिस्टिअरिक आम्ल. दिसायला दोन्हींचे पांढरे पापुद्रेच, म्हणून घोटाळा होतो. अ‍ॅसिड व्हॅल्यू (एक ग्रॅम मालातलं मोकळं आम्ल मारायला लागणारं पोटॅशियम हायड्रॉक्साइड, मिलिग्रॅममध्ये) काढा : आम्लाची १८० च्या आसपास येते, हायड्रोजनेटेड एरंडेलाची अगदी थोडी. वितळण्यातही फरक आहे, आम्ल साधारण ७५ अंश सेल्सिअसला, हायड्रोजनेटेड एरंडेल ८५ च्या पुढे.

आणखी एक : ‘हायड्रॉक्सी’ म्हणजे ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजन) गट असलेलं, ‘हायड्रोजनेटेड’ म्हणजे हायड्रोजन जोडलेलं. १२ हा आकडा आम्लगटाच्या कार्बनपासून मोजायचा. ‘रिसिनोलेइक’ आलं एरंडीच्या ‘रिसिनस’ या शास्त्रीय नावावरून. ‘रिसिनस’ म्हणजे लॅटिनमध्ये गोचीड; गोचिडासारखं दिसणारं एरंडीचं बी पाहिलं की नाव लगेच पटतं. नावाचं भाषांतर करू नये, ‘आम्ल’ तेवढं मराठी ठेवावं.

दुरुस्ती : ‘एरंडेल तेल’ ही द्विरुक्ती आहे. एरंडेलात तेल आलंच, खोबरेलात येतं तसं.

प्रश्न : ग्रीसमध्ये आम्ल वापरलं काय आणि हायड्रोजनेटेड एरंडेल वापरलं काय, फरक पडतो?

उत्तर : पडतो. ग्रीसला घट्टपणा येतो लिथियमच्या साबणामुळे; हा साबण आम्ल आणि लिथियम हायड्रॉक्साइड यांच्यापासून होतो. ओएच गटांमुळे साबणाचे धागे एकमेकांना धरून राहतात. साध्या स्टिअरिक आम्लाचं ग्रीस रगडल्यावर लवकर पातळ होतं. १०० ग्रॅम शुद्ध आम्लाला १४ ग्रॅम लिथियम हायड्रॉक्साइड मोनोहायड्रेट (स्फटिकात पाणी असलेलं) लागतं. मालाच्या अ‍ॅसिड व्हॅल्यूला ०.०७५ ने गुणलं की नेमका आकडा मिळतो. १८० असेल तर १३.५ ग्रॅम. एरंडेलाला लिथियम जवळपास तेवढंच, पण त्याचा हिशोब सॅपॉनिफिकेशन व्हॅल्यूवरून (एक ग्रॅम मालाचा पूर्ण साबण करायला लागणारं पोटॅशियम हायड्रॉक्साइड, मिलिग्रॅममध्ये) करायचा. साबण व्हायला वेळ जास्त लागतो आणि ग्लिसरिन ग्रीसमध्येच राहतं.

आम्ल तेलात वितळवून हायड्रॉक्साइडचं गरम द्रावण हळूहळू सोडायचं. पाणी उडून जाण्याआधी आच वाढवली तर सगळं फेसाळून भांड्याबाहेर येतं. पुढे सुमारे २०० अंश सेल्सिअसपर्यंत न्यावं लागतं; त्याआधीच थांबलं तर साबण तेलात नीट विरघळत नाही आणि ग्रीस दाणेदार होतं.

प्रश्न : मग ग्रीसला ‘वंगण’च म्हणू या की.

उत्तर : वंगणात तेलही येतं. जिथे घट्ट पदार्थच अभिप्रेत आहे तिथे ‘ग्रीस’ लिहावं.