हेलसिंकीचं कॅथेड्रल: आत जाण्यात अर्थ आहे का?

बर्फाळ_बंडू:
गेल्या आठवड्यात हेलसिंकीत दोन दिवस होतो. सिनेट चौकातून कॅथेड्रल दिसलं आणि बघतच राहिलो. पांढरे खांब, हिरवा घुमट, त्यावर सोनेरी चांदण्या. धापा टाकत पायऱ्या चढलो, आत गेलो, आणि काय? पांढऱ्या भिंती, बाकं, झुंबर. दहा मिनिटांत बाहेर. नंतर बंदराजवळचं लाल विटांचं उस्पेन्स्की चर्च पाहिलं. तिथल्या संतांच्या सोनेरी चित्रांनी डोळ्यांचं पारणं फेडलं. हाताशी एकच दिवस असेल तर कॅथेड्रल चौकातूनच बघा आणि पुढे निघा.

सई_उत्तरेकडे:
बंडूशेठ, लग्नाला जाऊन नुसता मांडव बघून आलात! उस्पेन्स्की ऑर्थोडॉक्स, हे ल्यूथरपंथी, म्हणजे प्रोटेस्टंट. इथे भपका नसायचाच. आत तीनच पुतळे आहेत, तिघेही धर्मसुधारक: ल्यूथर, त्याचा साथी मेलांख्टन आणि मिकाएल अग्रिकोला. तिसरा दिसला का? लिखित फिनिश भाषेचा पाया त्याने घातला, १५४८ मध्ये बायबलचा नवा करार फिनिशमध्ये छापून आणला. चित्रांच्या गर्दीत तो हरवला असता. भिंती कोऱ्या आहेत म्हणून नजर त्याच्यावर जाते.

खडूस_काका:
तुमची गेली, त्यांची नाही गेली. आणि साधेपणाचं फार कौतुक नको. मूळ नाव निकोलस चर्च, झार पहिल्या निकोलसच्या मानार्थ. तेव्हा फिनलंड रशियाच्या ताब्यात; १८१२ मध्ये रशियाने त्याची राजधानी तुर्कूहून इथे हलवली आणि शहराला थाट आणायला बर्लिनचा वास्तुविशारद एंगेल नेमला. तोही काम पुरं व्हायच्या आत, १८४० मध्ये गेला. चर्च उभं राहिलं १८५२ ला. कोपऱ्यांतले चार छोटे घुमट आणि छपरावरचे येशूच्या १२ प्रेषितांचे जस्ताचे पुतळे ही नंतरच्या वास्तुविशारदाची, लोहरमानची भर. चौकाच्या बाजूला एंगेलने पहाऱ्याची इमारत बांधली होती, ती पाडून या पायऱ्या केल्या. जिथे सगळे सेल्फी काढतात ती जागा त्याच्या नकाशात नव्हतीच.

सई_उत्तरेकडे:
काका, झारचं म्हणून नाक मुरडायचं तर चौकाच्या मधोमध १८९४ पासून झार दुसऱ्या अलेक्झांडरचा पुतळा उभा आहे, त्याचं काय? फिन लोकांनी त्याला हलवलं नाही. १८९९ मध्ये त्याचा नातू झार दुसऱ्या निकोलसने त्यांच्या हक्कांवर गदा आणली, तेव्हा लोकांनी याच पुतळ्यापाशी फुलं आणून ठेवली. आजोबांना फुलं, नातवाला टोमणा!

पोहे_विथ_लिंबू:
वाद चालू द्या. आईला घेऊन गेलो होतो, तिचे गुडघे दुखतात. त्या पायऱ्यांच्या नादी न लागता बाजूच्या रस्त्याने वर गेलो. आत ती अर्धा तास शांत बसली. उस्पेन्स्कीत पाच मिनिटांत म्हणाली, चल.

बर्फाळ_बंडू:
काका, जस्ताचे? मी ब्राँझचे समजून फोटो काढले! सई, अग्रिकोला सपशेल राहिला. आता फोटो चाळतोय, एकात झुंबरापलीकडे कुणाचा तरी खांदा दिसतोय. ल्यूथरही असेल म्हणा.