मदत हवी आहे: लेकीला पहिल्यांदा सशाच्या शिकारीला नेताना

लेक ९ वर्षांची आहे. या हंगामात तिला सोबत न्यायचं म्हणतोय. बंदूक अर्थातच माझ्याकडे, तिने फक्त बघायचं. माग काढण्यात पोरगी माझ्यापेक्षा तरबेज; पळताना सशाचे मागचे लांब पाय पुढच्या पायांच्याही पुढे पडतात, हे तिनेच मला ठशांवर बोट ठेवून दाखवलं.

छऱ्याच्या बंदुकीचा बार १४० डेसिबलच्या वर जातो, म्हणून कानांवरचे मफ आणलेत, पण ते तिला सैल होतात. आत फोमचे बोळे घातले तर चालेल का?

खरी धास्ती वेगळीच. ससा लगेच मेला नाही, तडफडला, तर? आधीच सांगून ठेवावं की तेव्हाचं तेव्हा? (बायको म्हणते, आधीच.) ज्यांनी मुलांना नेलंय त्यांनी प्लीज सांगा. आणि हो, थंडीत एका जागी किती वेळ बसवता?