'डार्क साइड'नंतर पिंक फ्लॉइडचं काय ऐकावं?

कॅसेटवेडा: पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' (१९७३) हा अल्बम आता तोंडपाठ आहे. घड्याळांचा गजर सुरू झाला की बायको दार लावून घेते. पुढे थेट त्यांचा 'द वॉल' घेऊ का?

बेसूर_बंडू: थांबा हो! आधी 'विश यू वेअर हिअर', १९७५. 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड' त्यात दोन भागांत आहे, एक सुरुवातीला, एक शेवटी. बँडमधून दूर झालेल्या सिड बॅरेटची आठवण. गिलमोरच्या गिटारचे ते चार सूर यायला साधारण चार मिनिटं लागतात. पुढे ढकललंत तर मजा गेली. विलंबित ऐकायची सवय असेल तर जड जाणार नाही. आणि हो, त्यातलं 'हॅव अ सिगार' हे गाणं बँडच्या दोन गायकांपैकी वॉटर्सनेही गायलेलं नाही आणि गिलमोरनेही नाही, तो आवाज बँडबाहेरच्या रॉय हार्परचा.

रात्रपाळी: माझं मत 'अ‍ॅनिमल्स'ला (१९७७). फारसं कुणी नाव घेत नाही, म्हणून जरा जास्तच जीव आहे. त्यातलं 'डॉग्ज' सतरा मिनिटांचं, तरी लांबट वाटत नाही. मुखपृष्ठावर लंडनचं बॅटरसी वीजकेंद्र आणि वर डुकराच्या आकाराचा मोठा फुगा. फोटोच्या वेळी तो फुगा दोर तोडून खरोखर उडून गेला होता.

बेसूर_बंडू: 'अ‍ॅनिमल्स'मध्ये कीबोर्डवादक राइटने लिहिलेलं एकही गाणं नाही. मला ते जाणवतं.

रात्रपाळी: त्यातल्याच 'शीप'च्या सुरुवातीचा पियानो कोणी वाजवलाय मग?

कॅसेटवेडा: भांडू नका, दोन्ही ऐकतो. हेडफोन लावून.