मदत हवी आहे : पीसी गेमची किंमत, स्टोअरचे कमिशन आणि प्रकाशकाचा वाटा यांचा हिशेब

मंडळी, नमस्कार.

मी आणि माझा धाकटा भाऊ कोल्हापुरात राहून गेली साडेतीन वर्षे एक पीसी गेम तयार करीत आहोत. चित्रे आणि कथा माझी, प्रोग्रामिंग त्याचे. एका जुन्या वाड्यातील बंद खोल्या एकेक करून उघडत जाण्याचा हा कोड्यांचा गेम आहे आणि सावकाश खेळणाऱ्याचाही तो चार-पाच तासांत पूर्ण होतो. आता तो विक्रीस ठेवायचा आहे, आणि किंमत किती ठेवावी या एका प्रश्नापाशी आम्ही दोन महिने अडून बसलो आहोत. भारतात ५९० रुपये आणि अमेरिकेत १२.९९ डॉलर हे आकडे आम्ही तूर्त धरले आहेत. ५९० रुपये का, तर त्यातून १८ टक्के जीएसटी वजा केला की बरोबर ५०० रुपये उरतात आणि पुढचा हिशेब मांडायला सोपा जातो, एवढेच त्यामागचे कारण आहे.

त्या ५०० रुपयांतून स्टीम (व्हॉल्व्ह या कंपनीचे पीसी गेम विकणारे ऑनलाइन स्टोअर) ३० टक्के, म्हणजे १५० रुपये घेते आणि ३५० आपल्याकडे येतात. स्टीमचा वाटा कमी होतो, परंतु एखाद्या गेमची कमाई मोठी झाली तरच : एक कोटी डॉलरच्या वरच्या कमाईवर तो २५ टक्के आणि पाच कोटींच्या वरच्या कमाईवर २० टक्के होतो. २०१८ च्या अखेरीस लागू झालेली ही सवलत मोठ्या प्रकाशकांसाठी आहे; आमच्यासारख्यांनी ३० टक्के धरूनच चालावे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात एपिक या गेम कंपनीने आपले ऑनलाइन स्टोअर १२ टक्के कमिशनावर सुरू केले, ऑगस्ट २०२१ पासून मायक्रोसॉफ्टनेही आपल्या स्टोअरवरील पीसी गेमसाठी १२ टक्केच ठेवले, आणि जून २०२५ पासून तर एपिक प्रत्येक गेमच्या दर वर्षीच्या पहिल्या १० लाख डॉलर कमाईवर काहीही घेत नाही. म्हणजे आमच्यापुरते बोलायचे तर एपिकवर विकलेल्या प्रतीचे ५०० रुपये मिळतील आणि स्टीमवर विकलेल्या प्रतीचे ३५०.

माझा पहिला प्रश्न इथेच निर्माण होतो. मला प्रतीमागे ३५० रुपये पुरणार असतील, तर एपिकवर हाच गेम ४१३ रुपयांना ठेवता यायला हवा, कारण ४१३ मधून जीएसटी गेला की ३५० उरतात. ग्राहकाचे १७७ रुपये वाचतील आणि माझे काहीच जाणार नाही. मग जवळजवळ प्रत्येक गेम दोन्ही स्टोअरवर एकाच किमतीला का दिसतो? दुकानाचा खर्च घटला की मालाचा भाव उतरतो असे आपण किराणा दुकानापासून भाजी मंडईपर्यंत सगळीकडे पाहतो. इथे तसे का होत नाही, हे मला खरोखर समजून घ्यायचे आहे. एखादे स्टोअर असा वेगळा भाव ठेवण्यास मनाई करते काय, आणि करीत असल्यास ती नेमकी कोणत्या शब्दांत करते?

दुसरा प्रश्न सवलतींचा आहे. मी शाळेत असताना मुंबईला मामाकडे गेले की लॅमिंग्टन रोडवरून गेमची सीडी आणत असे. खोका एकदा फळीवरून गेला की विषय संपत असे. स्टीमवर मात्र गेम वर्षानुवर्षे फळीवरच राहतो आणि त्याची किंमत पायरीपायरीने उतरत जाते. विशलिस्टमध्ये, म्हणजे पुढे घ्यायच्या गेमच्या यादीत, ठेवलेल्या गेमवर २० टक्के किंवा त्याहून अधिक सवलत लागली की ग्राहकाला ईमेल जातो, त्यामुळे पुष्कळ लोक त्या ईमेलचीच वाट पाहतात. मीसुद्धा पाहते. मग आम्ही ठरवलेली ५९० ही किंमत कितीजण खरोखर देणार आहेत? निम्म्या किमतीला प्रत विकली गेली तर २९५ रुपयांतून आम्हाला १७५ मिळतील आणि ७५ टक्के सवलतीत ८७ रुपये ५० पैसे. पहिल्या वर्षात किती सवलत द्यावी, आणि मूळ किंमत सवलत गृहीत धरून आधीच चढी ठेवावी काय? असे करणे मला ग्राहकाशी अप्रामाणिकपणाचे वाटते, परंतु सगळेच तसे करीत असतील तर आम्ही एकटे सरळ राहून मागे पडू, अशी भीतीही आहे.

तिसरा प्रश्न सर्वांत निकडीचा आहे. एका परदेशी प्रकाशकाने आम्हाला १५ लाख रुपयांची आगाऊ रक्कम देऊ केली आहे. स्टोअरकडून येणाऱ्या पैशातून ही रक्कम आधी पूर्ण वसूल होईल आणि त्यानंतर ४० टक्के त्यांचे व ६० टक्के आमचे, असा प्रस्ताव आहे. घरच्यांच्या दृष्टीने ही रक्कम मोठी आहे. भावाने नोकरी सोडल्यापासून घर माझ्या शिकवण्यांवर चालते. परंतु मी भारतीय किमतीने मोजले तेव्हा असे दिसले की सर्व प्रती पूर्ण किमतीला गेल्या तर ४,२८६ प्रतींनंतर आम्हाला पुढचा पहिला रुपया मिळेल, निम्म्या किमतीला गेल्या तर ८,५७२ नंतर, आणि ७५ टक्के सवलतीत गेल्या तर १७,१४३ नंतर. सवलत कधी व किती द्यायची हा अधिकार कराराच्या मसुद्यात प्रकाशकाकडे आहे. या क्षेत्रातील जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. सोमवारपर्यंत उत्तर कळवायचे आहे.

प्रतिसाद १

नमस्कार ताई. आपण हिशेब अत्यंत काळजीपूर्वक मांडला आहे. मी पुण्यात काही वर्षे एका गेम स्टुडिओत व्यवसायाची बाजू सांभाळली आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

आपला ४१३ रुपयांचा विचार गणिताने बरोबर आहे आणि तो एकदा मोठ्या प्रमाणावर करूनही पाहिला गेला. २०१९ साली मेट्रो एक्झोडस हा गेम वर्षभर स्टीमऐवजी एपिकवर आला तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत ५९.९९ ऐवजी ४९.९९ डॉलर ठेवली होती. ही प्रथा पुढे रुजली नाही, कारण कमिशनातला फरक ग्राहकाला देण्याऐवजी स्वतःकडे ठेवणे प्रकाशकांना अधिक सोयीचे वाटले. गेमची आणखी एक प्रत विकायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. त्यामुळे भाव ठरतो तो ग्राहक किती देईल यावरून, स्टोअर किती घेते यावरून नव्हे. किराणा दुकानाशी तुलना याच ठिकाणी तुटते.

मनाईबद्दल सांगायचे तर दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. स्टीम आपल्याला गेमच्या स्टीम-की, म्हणजे स्टीमवर टाकल्यावर गेम मिळवून देणारे कोड, विनामूल्य तयार करून देते, त्या आपण स्वतःच्या संकेतस्थळावर विकल्या तर त्यावर कमिशनही घेत नाही. मात्र स्टीमवरच्या ग्राहकाला त्याहून वाईट सौदा मिळू नये, ही अट लिखित आहे. दुसरी गोष्ट स्टीम-कीशी संबंध नसलेल्या, म्हणजे एपिकसारख्या ठिकाणच्या प्रतींची. तिथेही समान भावाचा आग्रह धरला जातो, असा आरोप वुल्फायर गेम्स या गेम कंपनीने २०२१ मध्ये अमेरिकेत दाखल केलेल्या दाव्यात आहे. व्हॉल्व्हने तो नाकारला असला तरी नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने त्याला सामूहिक दाव्याचे रूप दिले. ब्रिटनमध्येही जून २०२४ मध्ये अशाच आशयाचा ६५.६ कोटी पौंडांचा दावा दाखल झाला. आपल्यासारख्या दोन जणांच्या चमूने पहिल्याच गेमवर ही कसोटी पाहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन्हीकडे समान भाव ठेवा.

एपिकच्या ५०० रुपयांनी हुरळून जाऊ नये, असेही सांगतो. २०२४ मध्ये पीसीवरील ग्राहकांनी एपिक स्टोअरवर सुमारे १०९ कोटी डॉलर खर्च केले, पण त्यापैकी इतर निर्मात्यांच्या गेमवर केवळ २५.५ कोटी डॉलर. उरलेला पैसा एपिकच्या स्वतःच्या गेमवर गेला. तिथे दर आठवड्याला एक गेम फुकट मिळतो, त्यामुळे ग्राहक घेऊन जायला येतो, विकत घ्यायला कमी येतो. ईए या मोठ्या गेम कंपनीने २०११ मध्ये स्वतःचे ओरिजिन स्टोअर काढले आणि २०१९ च्या अखेरीस ती कंपनी स्टीमवर परतली. युबिसॉफ्ट ही दुसरी मोठी कंपनी २०१९ मध्ये स्टीम सोडून गेली आणि २०२२ च्या अखेरीस परतली. स्वतःच्या स्टोअरवरचा पूर्ण वाटा सोडून स्टीमचे कमिशन द्यायला इतक्या मोठ्या कंपन्या परत आल्या, याचा अर्थ ते कमिशन ग्राहकांच्या गर्दीचे भाडे आहे. भाडे न्याय्य आहे असे मी म्हणत नाही; मला स्वतःला ते छोट्या निर्मात्यांसाठी फार वाटते आणि मोठ्यांना २० टक्के व लहानांना ३० टक्के ही उलटी उतरंड तर मुळीच पटत नाही. परंतु आपला निर्णय त्या गर्दीशिवाय होऊ शकत नाही.

सवलतीबाबत : मूळ किंमत फुगवू नका. स्टीमवर किंमत वाढवली तर त्यानंतर ३० दिवस सवलत देता येत नाही आणि दोन सवलतींमध्येही साधारण ३० दिवसांचे अंतर ठेवावे लागते, मात्र वर्षातले चार मोठे सेल त्याला अपवाद आहेत. विक्री सुरू होताना १० टक्के, पहिल्या मोठ्या सेलला २० टक्के, आणि वर्षभर ४० च्या पुढे जायचे नाही, असा क्रम मी सुचवेन. एकदा ७५ टक्के दाखवले की पुढचा प्रत्येक ग्राहक त्याच आकड्याची वाट पाहतो. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा : दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम १४ दिवसांत परत करता येतो. आपला गेम चार तासांचा आहे, त्यामुळे वेगाने खेळणारा माणूस दोन तासांत कुठवर पोहोचतो, हे विक्रीपूर्वी मोजून पाहा.

प्रतिसाद २

करांविषयी थोडेसे. अमेरिकेतील विक्रीतून येणाऱ्या आपल्या वाट्यावर तिथे ३० टक्के कर कापला जातो. भारत व अमेरिका यांच्यातील करारामुळे तो १५ टक्क्यांवर येतो, परंतु त्यासाठी स्टोअरवर कराविषयीची प्रश्नावली ('टॅक्स इंटरव्ह्यू') भरताना आपला पॅन नोंदवावा लागतो. हे राहून गेले तर निष्कारण दुप्पट कर जातो आणि तो परत मिळवणे फार जिकिरीचे होते. स्टीमवर प्रत्येक गेमसाठी १०० डॉलर नोंदणी शुल्क आहे, ते गेमची कमाई १,००० डॉलर झाली की परत मिळते.

भारतातील किंमत ठरवताना एक इतिहास ध्यानात असावा. स्टीमवर रुपयांत किमती २०१५ च्या नोव्हेंबरात आल्या. त्याआधी आपण डॉलरच मोजत होतो. अर्जेंटिना आणि तुर्कस्तान येथील चलनात गेम अतिशय स्वस्त असत, इतर देशांतील लोक तिथला पत्ता दाखवून ते घेत आणि शेवटी नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथे डॉलरचे दर लागू झाले. नुकसान झाले ते तिथल्या सामान्य खेळाडूंचे. भारतात रुपयांचा भाव राहिला आहे. आपला ५९० हा आकडा १२.९९ डॉलरच्या जवळपास निम्मा असला तरी तिथल्याइतकी मोठी दरी नाही, तेव्हा तशी चोरवाट कोणी धरेल असे वाटत नाही. माझी विनंती एवढीच की प्रकाशकाने भारतीय किंमत डॉलरच्या दराने वाढवायला सांगितली तर ती मान्य करू नये. कॉलेजात शिकणाऱ्या मुलांना ५९० रुपयेसुद्धा दोनदा विचार करून द्यावे लागतात.

प्रतिसाद १ (पुन्हा)

प्रकाशकाच्या प्रस्तावाविषयी लिहायचे राहिले होते. आगाऊ रक्कम शंभर टक्के उत्पन्नातून वसूल करणे ही पद्धत सर्रास आहे, त्यात वावगे नाही. पाहायचे ते 'निव्वळ उत्पन्न' या शब्दाची व्याख्या. स्टोअरचे कमिशन, कर आणि परत केलेल्या प्रती एवढेच त्यातून वजा व्हावे. जाहिरात, भाषांतर, प्रदर्शनातले दालन असे खर्चही त्यात शिरत असतील, तर आपले ४,२८६ प्रतींचे गणित कधीच पूर्ण होणार नाही. त्या खर्चाला वरची मर्यादा लिहून घ्या. महिन्याचा स्टीमचा अहवाल आपल्याला थेट पाहता येईल, अशी सोय मागा. त्याला नकार देणाऱ्या प्रकाशकाबरोबर मी तरी काम केले नसते.

धागाकर्तीचे उत्तर

आपणा दोघांचे मनापासून आभार. काल रात्री भावाने तीन मित्रांना गेम खेळायला दिला. त्यातला एक जण एक तास पन्नास मिनिटांत शेवटच्या दालनापर्यंत पोहोचला, म्हणजे परताव्याचा धोका खरा आहे. वाड्याच्या तळघराचा भाग आम्ही काढून टाकला होता, तो पुन्हा घालणार आहोत. त्यासाठी दोन महिने अधिक लागतील आणि तेवढे घर निभावण्यापुरते पैसे आमच्याकडे आहेत, हे आज घरात बसून मोजले.

एपिकवर वेगळा भाव ठेवण्याचा विचार सोडला. दोन्हीकडे ५९० आणि १२.९९ डॉलर राहतील. प्रकाशकाला पाठवण्यासाठी मी तीन मागण्या लिहिल्या आहेत : पहिल्या बारा महिन्यांत ४० टक्क्यांहून अधिक सवलत आमच्या लेखी संमतीशिवाय दिली जाणार नाही, निव्वळ उत्पन्नातून वजा होणारा इतर खर्च अडीच लाख रुपयांच्या पुढे जाणार नाही, आणि भारतातील रुपयांची किंमत आम्ही ठरवू. मासिक अहवालाची मागणी चौथी म्हणून जोडते आहे. बारा महिन्यांऐवजी अठरा मागितले तर प्रकाशकाला ते अवाजवी वाटेल काय, एवढे कोणी सांगू शकल्यास रविवारी रात्रीपर्यंत मी इथे पाहत राहीन.