मदत हवी आहे: ट्यूब प्रीअँपला सॉलिड-स्टेट पॉवर अँप जोडताना लेव्हल पडते

प्रीअँपच्या (पॉवर अँपआधीच्या छोट्या अँपच्या) शेवटी १२एएक्स७ ही ट्यूब आहे. प्लेट रेझिस्टर १०० किलोओहम, कॅथोड बायपास केलेला, कपलिंग कपॅसिटर (डीसी अडवून सिग्नल पुढे देणारा) ०.१ मायक्रोफॅरड. म्हणजे आउटपुट इंपिडन्स (सिग्नल बाहेर देतानाचा अंतर्गत अडथळा) साधारण ३८ किलोओहम, आणि पॉवर अँपचा इनपुट इंपिडन्स फक्त १० किलोओहम! सिग्नल जेमतेम पाचवा हिस्सा उरतो, ३३ हर्ट्झला बास ३ डेसिबल खाली. कपॅसिटर वाढवून बास येईल, लेव्हल नाही. म्हणून १२एयू७ ट्यूबचा कॅथोड फॉलोअर (आउटपुट इंपिडन्स कमी करणारा बफर) आणि पुढे २.२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घालायचा विचार आहे.

डायरेक्ट कपलिंगमध्ये (मधे कपॅसिटर न घालता जोडल्यास) फॉलोअरचा कॅथोड १५० व्होल्टवर बसेल. हीटर आणि कॅथोडमधला व्होल्टेज फरक मर्यादेत राहावा म्हणून हीटर ७० व्होल्टवर उचलला तर पुरे का, की ट्यूबऐवजी मॉसफेट ट्रान्झिस्टरचा सोर्स फॉलोअर (तसाच बफर) बरा? ट्यूब तापताना कपॅसिटर चार्ज होतो, तो धक्का स्पीकरपर्यंत जायला नको. म्यूट रिले (सुरुवातीला आवाज बंद ठेवणारा स्विच) किती सेकंद धरावा? कृपया सांगा.