मदत हवी आहे: नागपूर ते संभाजीनगर गाडीने, वाटेत लोणार

मंडळी, पुढच्या महिन्यात आईबाबांना घेऊन नागपूरहून छत्रपती संभाजीनगरला भाचीच्या लग्नाला जायचं आहे. समृद्धी महामार्गाने प्रायव्हेट गाडी करावी म्हणतोय. बाबांची एकच अट, मेहकरला उतरून लोणार सरोवर बघायचंच. उल्का आदळून बसाल्टमध्ये झालेलं, जवळपास 1.8 किमी रुंदीचं विवर. बाबांनी शाळेत 30 वर्षं भूगोल शिकवला, पण स्वतः कधी पाहिलं नाही!

अडचण भाड्याची. एकेरी प्रवासालाही परतीचे पैसे लावतात, ते समजू शकतो. पण मागे एका ड्रायव्हरने ठरलेल्या थांब्याचं वेटिंग शेवटी वेगळं मागितलं आणि भर रस्त्यात वाद झाला. तर टोल, वेटिंग, लोणारचा फेरा हे सगळं धरून आधीच लिहून घेता येतं का? कोणी घेतलंय?

आईचे गुडघे दुखतात, म्हणजे खाली पाण्यापर्यंत उतरणं नाहीच. नुसतं काठावरून सरोवर, गोमुख धार आणि गावातलं दैत्यसूदन मंदिर करायला तीन तास पुरतील? सकाळी सहाला निघणार आहोत. आणि हो, टायर बघूनच गाडी घ्या असं सगळे सांगतात. नेमकं काय बघायचं तेही सांगा.