मदत हवी आहे: 'गॅटविक'ला मराठीत 'शेळ्यांचा वाडा' म्हणावं का?

नमस्कार मंडळी,

लंडनच्या गॅटविक विमानतळाच्या नावावर आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लेख लिहितोय आणि एका शब्दापाशी अडलोय.

विमानतळाच्या जागी १८९१ पासून घोड्यांच्या शर्यतींचं मैदान होतं. त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे गॅटविक नावाची जहागीर होती. हे नाव १२४१ सालापासून सापडतं. तेव्हा शेवटी 'सीके' नव्हतं, नुसता 'के' होता. (जुनी रूपं शोधायची तर सरे परगण्याचा स्थलनामांचा १९३४चा खंड बघायचा. कारण ही जागा आधी सरेत होती; विमानतळ वेस्ट ससेक्स परगण्यात गेला तो १९७४ला.)

जुन्या इंग्रजीत 'गाट' म्हणजे शेळी. पुढे सुट्या शब्दातल्या 'आ'चा 'ओ' झाला आणि आजचा 'गोट' आला. मग गावाच्या नावात 'गोटविक' का नाही? कारण जोडशब्दात ट आणि व लागोपाठ आले, 'आ' आधीच ऱ्हस्व झाला आणि त्या बदलातून सुटला. 'स्टोन' (दगड) आणि त्यावरून आलेलं गावाचं नाव 'स्टॅन्टन', यांचंही तेच. मला हे कळलं तेव्हा पहिल्यांदा आपली कनटोपी आठवली! कान दीर्घ, पण टोपी जोडली की 'कन'. ही तुलना लेखात ठेवली आहे. व्याकरणाच्या दृष्टीने खटकत असेल तर जरूर सांगा.

खरी अडचण 'विक'ची आहे. मूळ लॅटिन 'वीकुस', म्हणजे वस्ती. इंग्लंडात त्याला दुभत्या जनावरांचं ठिकाण असाही अर्थ आला. चिझिक आणि केझिक (लिहिताना शेवटी 'विक'च, उच्चारात 'व' गळतो) ही दोन्ही चीज करणाऱ्यांची ठिकाणं, एक लंडनमध्ये, एक उत्तरेत. ग्रिनिचच्या शेवटी आहे तोही हाच शब्द.

याला मराठीत काय म्हणू? 'फार्म' लिहिलं तर शेळ्या दिसतच नाहीत. गोठा म्हटलं की गाईम्हशी डोळ्यांपुढे येतात. 'वाडी' लिहिली तर वाचक नारळी-पोफळीत जाईल. धनगरांचा 'वाडा' मला सगळ्यात जवळचा वाटतो, पण तो कळपाबरोबर हलतो आणि गॅटविक तर शतकानुशतकं एका जागी होतं.

ज्यांच्या घरी शेळ्या होत्या किंवा आहेत त्यांना विचारतो: कायमच्या जागेला तुमच्याकडे काय म्हणतात? तालुका-जिल्ह्यासकट सांगितलंत तर लेखात तसाच उल्लेख करीन. मजकूर रविवारी द्यायचाय.